सम्मुखविनय आणि यंत्राचा निवाडा

केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नियमनाविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. या दस्तऐवजाच्या मुळाशी सात तत्त्वे असून त्यांना 'सूत्रे' असे नाव देण्यात आले आहे. विश्वास हा पाया, माणूस प्रथम, संयमापेक्षा नवनिर्मिती, न्याय्यता व समता, उत्तरदायित्व, समजेल अशी रचना आणि सुरक्षितता, अशी ती सूत्रे थोडक्यात सांगता येतील. रिझर्व्ह बँकेच्या एका समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये वित्तक्षेत्रापुरती मांडलेली ही सूत्रे मंत्रालयाच्या समितीने सर्व क्षेत्रांसाठी स्वीकारली. सुत्त हा शब्द ज्यांच्या परंपरेत अडीच हजार वर्षे वावरतो आहे, त्यांनी या सूत्रांकडे पाठ फिरवणे बरे नव्हे. सुत्ताची कसोटी कशी करावी हे तथागतांनीच शिकविले आहे. त्याच कसोटीवर हा दस्तऐवज आम्ही प्रस्तुत लेखात पारखून पाहणार आहोत. आमची भूमी मात्र दिल्लीची नाही. भोर आणि वेल्हे या सह्याद्रीच्या कुशीतील दोन तालुक्यांतून आम्ही त्याकडे पाहतो.

वेल्ह्याचे शासकीय नाव आता राजगड झाले आहे. लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे आणि आम्हीही तेच वापरतो. या भागात वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन वाड्या-वस्त्यांवरील विहारांतून होत असते. अशाच एका वाचनानंतर शासकीय योजनांचा विषय निघाला. कोणाचे नाव यादीत आले, कोणाचे गेले, कोणाचा अंगठा उमटला नाही, हेच बोलणे. 'आता सगळं यंत्रच ठरवतंय,' असे एका तरुणाने सांगितले. तेव्हा मागे बसलेल्या एका वयस्क उपासिकेने विचारले, "यंत्रानं सांगितलं म्हंजी नक्की कुणी सांगितलं?" प्रश्न साधा होता, परंतु बैठकीत कोणालाही त्याचे उत्तर देता आले नाही. आम्हासही आले नाही.

मंत्रालयाच्या दस्तऐवजात या प्रश्नाचे एक उत्तर आहे, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाही. 'माणूस प्रथम' या सूत्राचा आशय असा की, यंत्रणेवर अखेरची देखरेख माणसाची असावी. हे तत्त्व जगभर सांगितले जाते. यंत्र सल्ला देईल, निर्णय अधिकारी घेईल. ऐकावयास हे उत्तम आहे. परंतु हा 'माणूस' कोण? तो कोणत्या खुर्चीवर बसलेला आहे, त्याच्या पुढ्यात किती प्रकरणे आहेत, यंत्राचा सल्ला डावलला तर त्याला कोणास जाब द्यावा लागतो आणि मानला तर कोणास? बेन ग्रीन या अभ्यासकाने २०२२ मध्ये अशी देखरेख विहित करणाऱ्या एकेचाळीस धोरणांची छाननी केली. ज्या देखरेखीवर ही धोरणे विसंबतात ती माणसाला बहुधा पेलतच नाही, आणि उलट तिच्या नावाखाली सदोष यंत्रणांना मान्यता मिळून जाते, असा त्याचा निष्कर्ष आहे. आमच्या मते दोष देखरेखीच्या कल्पनेत नाही. देखरेख करणाऱ्या चित्ताचा विचारच झालेला नाही, हा खरा दोष आहे.

हा विचार बौद्ध परंपरेने फार पूर्वी केला आहे. सिगालोवाद सुत्तात माणूस वाकड्या वाटेने जाण्याची चार कारणे सांगितली आहेत. छंद म्हणजे आवड वा पक्षपात, दोस म्हणजे द्वेष, मोह म्हणजे अज्ञान आणि भय. या चार अगती होत. आमच्या वाचकांना त्या परिचित आहेत, पण त्या आपण बहुधा गृहस्थाच्या खाजगी नीतीपुरत्या समजतो. विनयपिटकात मात्र त्या प्रशासनाच्या नियमात येतात. संघात निवासस्थाने वाटून देणारा सेनासनपञ्ञापक आणि भोजनाची नेमणूक करणारा भत्तुद्देसक, हे अधिकारी संघाच्या संमतीने नेमले जात. त्यांच्या अंगी पाच गुण हवेत असे विनय सांगतो. पहिले चार म्हणजे या चार अगतींनी न जाणे. पाचवा गुण म्हणजे काय वाटले गेले आणि काय वाटावयाचे राहिले, याचे यथार्थ ज्ञान.

आजच्या भाषेत बोलावयाचे तर हे लाभवाटपाचे अधिकारी होत. यंत्राचा पुरस्कार केला जातो तो पाचव्या गुणाच्या बळावर. कोणास काय मिळाले, कोणास दोनदा मिळाले, कोण सुटले, हे यंत्र कोट्यवधी नोंदींतून क्षणात सांगते. ते खरे आहे. पण पाचवा गुण हाती आला म्हणून पहिले चार आपोआप आले, अशी समजूत करून घेतली जाते. यंत्राला आवड नाही, द्वेष नाही, भय नाही, म्हणून त्याचा निर्णय निर्मळ, असा हा युक्तिवाद आहे. यंत्राला नसेल, परंतु यंत्र विकत घेणाऱ्याला, त्याला प्रश्न घालून देणाऱ्याला आणि त्याच्या उत्तरावर सही करणाऱ्याला चित्त आहे. आणि चारही अगती त्या चित्तात आहेत.

भयाचे उदाहरण पाहा. पोलंडमध्ये २०१४ पासून बेरोजगारांची संगणकाद्वारे तीन गटांत विभागणी होऊ लागली, आणि कोणत्या गटात पडलो यावर त्या माणसाला मिळणारे साहाय्य ठरू लागले. कारकुनाला संगणकाचा निर्णय बदलण्याची मुभा होती. अभ्यासकांनी आकडे काढले तेव्हा शंभरातील एकाही प्रकरणात तो पूर्णपणे बदलला गेला नव्हता, एक टक्क्याहूनही कमी वेळा कारकुनाने आपले मत वापरले होते. वेळ नव्हता, आणि वरिष्ठ विचारतील ही धास्ती होती. संगणकाप्रमाणे वागून चूक झाली तर ती संगणकाची, स्वतःच्या बुद्धीने वागून झाली तर ती आपली! ज्याने आयुष्यात एकदा तरी तहसील कचेरीत फाइल फिरताना पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. ती पद्धत २०१९ मध्ये बंद झाली.

भय केवळ तळाच्या कारकुनाला असते असेही नाही. ऑस्ट्रेलियात कल्याणकारी लाभ घेणाऱ्यांच्या वार्षिक उत्पन्नाची सरासरी काढून त्यांच्यावर कर्ज दाखविणारी एक स्वयंचलित योजना चालली. ती कायद्यात बसत नाही असा विधिज्ञांचा सल्ला २०१४ मध्येच खात्याच्या दप्तरी होता, तरी योजना पुढे गेली आणि लक्षावधी लोकांना नोटिसा गेल्या. तिच्या चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगाने जुलै २०२३ मध्ये अहवाल दिला. त्यात यंत्राविषयी फारसे नवे काही नाही. ज्यांना ठाऊक होते ते मंत्र्यांपुढे गप्प का बसले, याची ती दीर्घ कहाणी आहे. विशेष म्हणजे त्या योजनेत कृत्रिम बुद्धिमत्ताही नव्हती, शाळेतील भागाकार होता.

दोस या अगतीचे उदाहरण नेदरलँड्सचे आहे. मुलांच्या संगोपनासाठी पालकांना मिळणाऱ्या अनुदानात लबाडी कोण करील, याचा अंदाज बांधणाऱ्या पद्धतीत अर्जदार परदेशी नागरिक आहे काय, ही बाब जोखमीची खूण म्हणून धरली गेली. सहस्रावधी कुटुंबे खोट्या आरोपाने कर्जात बुडाली. जानेवारी २०२१ मध्ये तेथील मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. येथे यंत्राने द्वेष शोधून काढला नाही. गरीब आणि परका माणूस लबाड असणारच, हा संशय कचेरीत आधीच होता, यंत्राने त्याला अंकांचे वस्त्र नेसविले.

छंदाविषयी थोडक्यात सांगावयाचे तर, अलोन-बरकत आणि बुसुइओक यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की यंत्राचा सल्ला आपल्या पूर्वग्रहाशी जुळला तर माणूस तो अधिक तत्परतेने मानतो. मात्र त्याच मालिकेतील, प्रत्यक्ष सरकारी सेवकांवर केलेल्या नंतरच्या प्रयोगात तसे आढळले नाही. वर सांगितलेल्या डच प्रकरणाने तेथील सेवक सावध झाले असावेत असे संशोधक सुचवितात. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवितो, कारण अगती ही नियती नाही. गाजलेल्या अन्यायाने माणूस शिकतो. मात्र तो अन्याय गाजला पाहिजे.

मोहाला तर या नव्या यंत्रांनी स्वतःची अशी एक वाट काढून दिली आहे. कालाम सुत्तात कशावर विसंबून मत स्वीकारू नये याची जी यादी आहे, तिच्यात भब्बरूपता असा एक शब्द येतो. बोलणारा योग्य दिसतो, लायक वाटतो, एवढ्यावरून त्याचे मानू नये असा त्याचा भाव. लिहिती-बोलती यंत्रे ही भब्बरूपतेची मूर्तीच होत. ती अडखळत नाहीत, 'मला ठाऊक नाही' असे क्वचितच म्हणतात. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातच एका मोठ्या सल्लागार कंपनीने लाभार्थ्यांवरील दंडपद्धतीविषयी शासनास दिलेल्या अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ आणि न्यायनिर्णयातील बनावट अवतरण निघाले. अहवाल लिहिताना यंत्राचे साहाय्य घेतले होते हे नंतर मान्य झाले आणि मोबदल्याचा काही भाग परत करावा लागला. अहवाल एका अभ्यासकाने तळटीपांसह वाचला म्हणून हे उघडकीस आले. धोरणकर्ते तळटीपा वाचतात काय, हा प्रश्न आम्ही येथे विचारीत नाही.

हे सर्व यंत्रामुळेच घडते असा ग्रह होऊ नये म्हणून वेल्ह्यातीलच एक गोष्ट सांगतो. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुणे शहर पाण्याखाली गेले. बांधकाम पुरते होण्यापूर्वीच त्या पावसाळ्यात पाणी अडविले गेले होते. तेथे संगणक नव्हता. घाई होती, वेळापत्रक होते, आणि 'थांबा' असे म्हणण्याचा अधिकार नेमका कोणाचा, याचा घोळ होता. यंत्र आले म्हणून हा घोळ मिटत नाही. तो आता पडद्याआड जातो, इतकेच.

आता यंत्राला जे खाद्य घातले जाते त्या नोंदींकडे वळू. राज्य मंत्रिमंडळाने १७ जून २०२५ रोजी शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर केले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद ठरविली. शेतीच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला आहे आणि तो सातबाऱ्यावर उभा आहे. ज्याचे नाव सातबाऱ्यावर, तो शेतकरी. भोर-वेल्ह्याच्या डोंगरात दुसऱ्याच्या खाचरात भाताची लावणी करणारी कातकरी बाई, अर्धलीने कसणारा भूमिहीन बौद्ध, हे त्या हिशेबात येत नाहीत. यंत्र त्यांच्याविषयी अन्यायाचा निर्णय देत नाही. त्यांच्याविषयी ते काहीच म्हणत नाही, आणि हे मौन आकडेवारीत दिसत नाही.

सातबारा ही निर्मळ पाटी नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते महार वतनाची गुलामगिरी ओळखून. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने नष्ट झाली, आणि जमिनी परत मिळाल्या त्या नव्या शर्तीने, परवानगीवाचून हस्तांतर करता येणार नाही अशा बंधनासह. आजोबा-पणजोबांच्या सामाईक नावावर राहिलेले असे तुकडे अनेक बौद्ध कुटुंबांच्या वाट्याला आले आहेत. ज्याने हा इतिहास वाचलेला नाही त्याला सातबाऱ्यावर फक्त 'गुंतागुंतीची मालकी' दिसेल. यंत्राला तेवढेही दिसत नाही, त्याला अपूर्ण नोंद दिसते, आणि अपूर्ण नोंदीचा अर्ज मागे पडतो.

नावांचेही तसेच. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घराघरांत नोंदी दुभंगल्या आहेत. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार', मुलाच्या दाखल्यावर 'बौद्ध', नातवाच्या प्रमाणपत्रावर आणखी काही. बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती केंद्रीय कायद्याने मिळाल्या त्या १९९० साली, म्हणजे दीक्षेनंतर चौतीस वर्षांनी. मधल्या काळातील प्रत्येक कागदाला आपला इतिहास आहे. माणसाला तो सांगितला तर समजतो. दोन याद्या ताडून पाहणारे यंत्र मात्र न जुळणारे नाव ही संशयाची खूण मानते. एका यादीत वेल्हे आणि दुसरीत राजगड असेल तर? हे आम्ही विनोदाने लिहिलेले नाही.

भाताच्या पिकाचे उदाहरण तर डोळ्यांदेखतचे आहे. पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात आणि गहू यांच्या उत्पादनाच्या अंदाजात उपग्रहादी तंत्रांवर आधारलेल्या अंदाजाला किमान ३० टक्के वजन देण्याचे ठरले. सपाट शेतात ते ठीक असेल. अशा कामी वापरल्या जाणाऱ्या एका प्रमुख युरोपीय उपग्रहाच्या चित्रातील सर्वात लहान चौकट दहा मीटर लांब-रुंद असते. आमच्याकडील डोंगरउतारावरची खाचरे पुष्कळदा त्याहून अरुंद. एका चौकटीत भात, बांध, करवंदीची जाळी आणि शेजारचे पडीक, सारे एकत्र येते. शिवाय भात वाढतो त्या महिन्यांत येथे ढग हटत नाहीत. ढगांतून पाहणाऱ्या रडारला उंच कड्यांमुळे काही उतार नीट दिसत नाहीत. हे तंत्रज्ञांना ठाऊक आहे, ते लपवीतही नाहीत. परंतु त्यांच्या टिपणातील 'डोंगराळ भागात अचूकता कमी' हे वाक्य वर जाता जाता कोठे तरी गळते आणि मंत्रालयात केवळ आकडा पोहोचतो.

आकडा आणि त्यामागची व्याख्या यांचे नाते बाबासाहेबांएवढे स्वच्छ कोणी दाखविलेले नाही. १९३२ साली लोथियन मताधिकार समितीपुढे अस्पृश्यांची संख्या किती, हा प्रश्न आला तेव्हा काही प्रांतांतून ती अतिशय अल्प वा जवळपास शून्य दाखविली गेली. १ मे १९३२ च्या आपल्या स्वतंत्र टिपणात बाबासाहेबांनी वादाचे मूळ व्याख्येत दाखविले. अस्पृश्यता शब्दशः घ्यावयाची, म्हणजे प्रत्यक्ष स्पर्शाने विटाळ होतो तेवढीच, की मनात मानल्या जाणाऱ्या अर्थाने? पहिला अर्थ घेतला की माणसे कागदावरून नाहीशी होतात. मोजणाऱ्याने गणितात चूक केली नव्हती. कोणास मोजावयाचे हे ठरविणाऱ्याचा हितसंबंध तेथे काम करीत होता. आजच्या यंत्राला 'पात्र', 'अपात्र', 'संशयास्पद' या शब्दांची व्याख्या कोणी तरी घालून देतो. ते टिपण ज्यांनी वाचले आहे, त्यांचा पहिला प्रश्न यंत्राच्या वेगाविषयी नसेल. व्याख्या कोणी केली, आणि ती करताना खोलीत कोण कोण होते, असे ते विचारतील.

येथवर वाचून आमचा एखादा तरुण वाचक अस्वस्थ होईल, आणि त्याचा आक्षेप आम्हास मोलाचा वाटतो. तो म्हणेल, तुम्ही माणसाची महती कोणाला सांगता? माणसांनीच तर आम्हास दारात उभे केले. तलाठ्याने दाखला दिला नाही, ग्रामसेवकाने अर्ज फेकला, बँकेतील साहेबाने आडनाव वाचून मान वर केली. संगणकावर अर्ज केला तेव्हा प्रथमच कोणी आडनाव वाचून तोंड वाकडे केले नाही. यंत्राला जात नाही, आम्हास यंत्रच हवे.

या म्हणण्यात आमच्या समाजाचा अनुभव आहे आणि तो नाकारणे हा अप्रामाणिकपणा होईल. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवाची जी निर्भर्त्सना केली, ती याच अनुभवातून. गावच्या चावडीवर निवाडा समोरासमोरच होत असे. आमचे पूर्वज तेथे हजर असत, पण पायरीखाली. तेव्हा 'समोरासमोर' या शब्दाने आम्ही हुरळून जात नाही. तथापि विनयपिटकातील सम्मुखता आणि चावडीवरील समोरासमोर येणे या एकच गोष्टी नव्हेत.

चुल्लवग्गाच्या समथखंधकात सम्मुखविनयाची कथा येते. छब्बग्गिय भिक्खूंनी काही भिक्खूंवर त्यांच्या गैरहजेरीत दंडकर्म केले. तथागतांनी त्याचा निषेध केला आणि जो हजर नाही त्याच्यावर कर्म करू नये असा नियम घातला. सम्मुख म्हणजे काय, याचेही स्पष्टीकरण तेथे आहे. संघ समोर हवा, धम्म समोर हवा, विनय समोर हवा आणि ज्याचा प्रश्न आहे ती व्यक्ती समोर हवी. चारांपैकी एक उणे असेल तर निवाडा पुरा नाही. या दृष्टीने पाहता चावडीवर व्यक्ती हजर होती, पण नियम नव्हता, धम्म नव्हता, आणि जो संघ होता त्यात आम्ही नव्हतो. संगणकाच्या पडद्यावर नियम हजर आहे, परंतु व्यक्ती नाही, आणि संघ म्हणजे जो पाहील, ऐकेल, हरकत घेईल असा समाजही नाही. एका अपुऱ्या निवाड्यातून सुटून आम्ही दुसऱ्या अपुऱ्या निवाड्यात शिरत आहोत. पहिल्याचे चटके मोठे होते म्हणून दुसरा पूर्ण ठरत नाही.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, भिक्खुसंघांना सभागृहाच्या कामकाजाचे नियम ठाऊक होते, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सारे त्यांच्याकडे होते, याचे स्मरण करून दिले. आपण ते वाक्य अभिमानाने उद्धृत करतो आणि तेथेच थांबतो. त्या नियमांतील सम्मुखविनय आजच्या तहसील कचेरीत नेऊन पाहिला तर काय दिसते?

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' ही योजना २०२४ मध्ये सुरू झाली. दरमहा दीड हजार रुपये. जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्र्यांनी जाहीर केले की माहिती तंत्रज्ञान विभागाने दिलेल्या माहितीनुसार सुमारे २६.३४ लाख लाभार्थी अपात्र असूनही लाभ घेत असल्याचे दिसते. जून महिन्यापासून त्यांचा लाभ तात्पुरता स्थगित केला असून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत पडताळणी होईल आणि पात्र ठरतील त्यांचा लाभ पुन्हा सुरू होईल, असेही सांगण्यात आले. यात कृत्रिम बुद्धिमत्ता होती असे आम्ही म्हणत नाही, याद्या ताडून पाहण्याचे हे काम दिसते. काही पुरुषांनीही लाभ घेतल्याचे उघड झाले, तेव्हा तपासणी गैर होती असेही नाही. आमचा आक्षेप क्रमाला आहे. आधी स्थगिती, मग पडताळणी. आधी कर्म, मग सम्मुखता. छब्बग्गियांचा क्रम हाच होता.

आणि 'तात्पुरता' हा शब्द मंत्रालयात लहान असतो. वेल्ह्याच्या घाटमाथ्यावरील एखाद्या वाडीतून तालुक्याला यावयाचे तर दिवस मोडतो, मजुरी बुडते, भाडे जाते. कागद अपुरा निघाला तर पुन्हा एक दिवस. मोबाइलला रेंज मिळावी म्हणून टेकाडावर चढावे लागते अशा जागा दोन्ही तालुक्यांत आहेत. अंगणवाडीतून घरी न्यावयाच्या आहारासाठी २०२५ पासून चेहऱ्याची ओळख पटविणे सक्तीचे झाले, तेथेही हीच अडचण. सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर टाकला, त्याच्याजवळच तो पेलण्याचे बळ सर्वांत कमी आहे. शेजारच्या तेलंगणात २०१४ ते २०१९ या काळात अठरा लाखांहून अधिक शिधापत्रिका रद्द झाल्या, लाभार्थ्यांची माहिती जोडून पाहणाऱ्या 'समग्र वेदिका' या यंत्रणेचा त्यात वापर झाला, आणि नोटीसही न देता नावे गेली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला प्रत्यक्ष घरी जाऊन फेरपडताळणी करा, असे सांगावे लागले. घरी जाऊन! न्यायालयाने वेगळ्या शब्दांत पुग्गलसम्मुखताच मागितली, असे आम्ही समजतो.

मंत्रालयाच्या सूत्रांपैकी 'संयमापेक्षा नवनिर्मिती' हे सूत्र आम्हास सर्वांत अधिक खटकते. त्याच्याशी न्यायाने वागावयाचे तर हे सांगितले पाहिजे की, इतर सर्व गोष्टी समान असतील तर, आणि नवनिर्मिती जबाबदार असेल तर, अशा अटी त्याला आहेत. परंतु इतर सर्व गोष्टी समान कोठे असतात? शिवाजीनगरच्या कचेरीत आणि पासलीच्या खिंडीत त्या समान नाहीत. संयम म्हणजे प्रगतीला घातलेला खोडा, असा या सूत्राचा सूर आहे. आपल्या परंपरेत संवर हा कृतीचा शत्रू मानलेला नाही. विनयातील बहुतेक नियम काही तरी अनिष्ट घडल्यानंतर, त्या घटनेकडे बोट दाखवून केले गेले. प्रत्येक नियमामागे एक तक्रारदार आहे, त्याची कथा जपून ठेवलेली आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचे म्हणणे नोंदले जाईल अशी सोय या नव्या यंत्रणांत कोठे आहे? दस्तऐवजात अपघातांची नोंदवही ठेवण्याची आणि तक्रार निवारणाची भाषा आहे, ती स्वागतार्ह होय. परंतु आपल्यावर यंत्राने अन्याय केला हे ज्याला कळलेच नाही, तो तक्रार कशी नोंदवील? आपले नाव यादीतून का गेले, हे सांगणारा मराठीतील कागद त्याच्या हाती पडेल तेव्हाच ते कळेल.

म्हणून आमची मागणी यंत्र नको अशी नाही. भात खाचरातील रोग मोबाइलच्या चित्रावरून ओळखता आला, दरड कोसळण्याचा इशारा वरंध्याच्या पायथ्याशी वेळेवर पोहोचला, तर त्याचे आम्ही आनंदाने स्वागत करू. तेथे यंत्र चुकले तरी कोणाचा हक्क ते काढून घेत नाही. जेथे ते कोणाचे नाव खोडते, तेथे मात्र क्रम उलटा करावा लागेल. लाभ बंद करण्यापूर्वी कारणासह लेखी सूचना. तिच्यावर संगणकाच्या क्रमांकाऐवजी निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आणि पद. सुनावणी ग्रामपंचायतीत, ठरलेल्या दिवशी, चार माणसांदेखत, आणि त्या सुनावणीला येण्याचा भार अधिकाऱ्यावर, वाडीवर नव्हे. अधिकाऱ्याने यंत्राचा सल्ला किती वेळा मानला आणि किती वेळा डावलला, याचा तक्ता दर तिमाहीस कचेरीबाहेर लागावा. डावलण्याचा आकडा शून्य असेल तर तेथे देखरेख नाही, भय आहे, असे खुशाल समजावे.

दब्ब मल्लपुत्त हा संघातील निवास आणि भोजन यांची नेमणूक करणारा थोर अधिकारी होता. वाट्याला हलके जेवण आले म्हणून रागावलेल्या काही भिक्खूंनी त्याच्यावर खोटा आळ घेतला. तथागतांनी दब्बाची कीर्ती पुरेशी मानली नाही आणि तक्रारही खरी धरली नाही. संघ जमवून, दब्बाला समोर उभे करून, असे केल्याचे तुला आठवते काय, हे त्यालाच विचारले. त्या उपासिकेने तिचा प्रश्न विचारला त्या संध्याकाळी ही कथा आम्हास आठवली नाही, याची खंत वाटते. पुढील वर्षावासात त्या विहारात जाणे होईल तेव्हा प्रथम ती सांगावयाची आहे.